आजोबांचे नाव, पैगंबरांचे नाव

घरात जुनी शिधापत्रिका जपून ठेवलेली असेल तर ती एकदा काढून पाहा. बारामती असो की इंदापूर, भिगवण असो की वालचंदनगर, आपल्या शेख, तांबोळी, आतार, बागवान, मुलाणी, शिकलगार कुटुंबांच्या त्या पिवळट पानावर बहुधा हीच नावे आढळतील : इब्राहीम, इस्माईल, याकूब, यूसुफ, अय्यूब, दाऊद, सुलेमान, मूसा, हारून, मरियमबी. लिहिणाऱ्याने कुठे इब्राहीमचे ‘इब्राम’ केले असेल, कुठे यूसुफचे ‘इसुब’. त्याच घरात अलीकडे जन्मलेल्या मुलांची नावे मात्र निराळी : झैन, अयान, रेयान, मायरा, आयरा. नवी नावे वाईट आहेत असे म्हणण्याचा येथे मुळीच हेतू नाही. त्यांतील कित्येकांचा अर्थ सुरेख आहे. पण आजोबांचे नाव नातवाला द्यावे असा विषय निघाला, की घरातील तरुण मंडळी जी कारणे पुढे करतात, ती मात्र थांबून ऐकण्यासारखी असतात.

‘याकूब’ फार जुनाट वाटते. ‘मरियम’ हे तर ख्रिस्ती मुलीचे नाव. ‘अय्यूब’ ठेवले तर मुलाच्या नशिबी आजारपण येईल. आणि ‘दाऊद’? शाळेत पोरे काय म्हणतील!

या बोलण्याकडे हसून दुर्लक्ष करू नका. आईवडील मुलाच्या भल्यापोटीच काळजी करतात. परंतु नाव कधी रिकामे राहत नाही, हे ध्यानात घ्या. ज्याचे ते नाव आहे त्याची ओळख घरात सांगितली गेली नाही, तर त्या जागी दुसरे काहीतरी येऊन बसते : कधी अंधश्रद्धा, कधी वर्तमानपत्रातील बातमी, कधी शेजारच्याचे ऐकीव मत. आपल्या पैगंबरांच्या नावांचे आज नेमके हेच झाले आहे.

प्रथम मरियम हे नाव घेऊ. पवित्र कुरआनात नावानिशी उल्लेख झालेली स्त्री एकच, आणि ती म्हणजे हजरत मरियम (अलै.). हे नाव तेथे ३४ वेळा आले आहे आणि १९ वी सूरह त्यांच्याच नावाने ओळखली जाते. एवढेच नव्हे, तर हे नाव ठेवले गेले तो क्षणही कुरआनात नोंदलेला आहे. इमरान यांच्या पत्नीने पोटातील अपत्य अल्लाहच्या सेवेला वाहण्याची मन्नत मानली होती. मुलगी झाली तेव्हा त्या माउलीने आपल्या पालनकर्त्याला सांगितले की मी हिचे नाव मरियम ठेवले आहे, आणि हिला व हिच्या संततीला सैतानापासून तुझ्या आश्रयाला सोपविते आहे (सूरह आलिइमरान : ३६). म्हणजे नाव आईने ठेवले, आणि दुआसोबत ठेवले. नाव ठेवण्याचा मान आत्याचा की आजोबांचा, यावरून आपल्याकडे जे रुसवेफुगवे होतात, त्या वेळी ही आयत कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावी.

याच सूरह मरियममध्ये लोक हजरत मरियम (अलै.) यांना ‘हारूनची बहीण’ असे संबोधतात (आयत २८). या शब्दांवरून एक प्रसंग घडला आणि तो सहीह मुस्लिममध्ये आला आहे. हजरत मुगीरा बिन शुअबा (रजि.) नजरानला गेले असता तेथील ख्रिस्ती लोकांनी त्यांना पेचात टाकले : हारून तर मूसांचे भाऊ; मूसा आणि ईसा यांच्यामध्ये तर एवढ्या दीर्घ काळाचे अंतर; मग मरियम हारूनची बहीण कशी? मुगीरा (रजि.) यांना उत्तर सुचले नाही. मदीनेला परतल्यावर त्यांनी प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्यापुढे तोच प्रश्न ठेवला. प्रेषितांनी उलगडा केला की ते लोक आपल्याआधी होऊन गेलेल्या पैगंबरांची आणि सदाचारी माणसांची नावे ठेवीत असत.

या छोट्याशा उत्तरात आपल्या विषयाचे अर्धे काम होऊन जाते. हजरत मरियम (अलै.) यांच्या काळी हारून हे नाव हजार वर्षांहून अधिक जुने झाले होते, तरी त्यांच्या समाजात ते जिवंत होते. जुन्या नावाने हाक मारताना त्या लोकांना आपली परंपरा आठवत होती. आणि प्रेषितांनी (सल्ल.) ही रीत सांगताना तिच्याविषयी नापसंतीचा एक शब्दही काढला नाही. उलट त्यांनी स्वतः तेच केले. त्यांना पुत्र झाला तेव्हा त्याच रात्री त्यांनी त्याला आपले पिता इब्राहीम (अलै.) यांचे नाव दिले. हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांना मुलगा झाला, तेव्हा प्रेषितांनी खजूर चावून बाळाच्या टाळूला लावला आणि त्याचेही नाव इब्राहीम ठेवले. हजरत अब्दुल्लाह बिन सलाम (रजि.) हे मदीनेचे यहुदी विद्वान, त्यांनी इस्लाम स्वीकारला. त्यांच्या मुलाचे नाव प्रेषितांनी यूसुफ ठेवले. नाव यहुद्यांतही चालते म्हणून ते टाळावे, असा विचार तेथे कोणाच्या मनाला शिवला नाही.

तेव्हा ‘ही तर ख्रिस्ती नावे’ या म्हणण्यात तथ्य किती? मराठी बायबल उघडा. तेथे इब्राहीम अब्राहाम आहेत, इसहाक इसहाकच आहेत, याकूब याकोब, यूसुफ योसेफ, मूसा मोशे, हारून अहरोन, दाऊद दावीद, सुलेमान शलमोन, अय्यूब ईयोब, यूनुस योना, इल्यास एलीया, जकरिया जखऱ्या, यह्या योहान आणि मरियम मरीया. बारामतीच्या एखाद्या शाळेत दावीद नावाचा ख्रिस्ती मुलगा आणि दाऊद नावाचा मुसलमान मुलगा एका बाकावर बसले, तर त्यांची नावे दोन नसतात. उच्चार दोन असतात. आपल्याच जिल्ह्यात, पुण्याच्या लष्कर भागात, लाल देऊळ म्हणून ओळखले जाणारे यहुदी प्रार्थनागृह आहे. ते १८६७ मध्ये पूर्ण झाले. त्याचे खरे नाव ओहेल डेव्हिड, म्हणजे दाऊदचा तंबू. बांधविणारे डेव्हिड ससून यांच्यावरून ते पडले. कोकणातील बेने इस्राईल समाजाने तर या नावांना मराठी अंगरखाच शिवला. १७९६ मध्ये मुंबईतील पहिले यहुदी प्रार्थनागृह उभारणारे सॅम्युएल एझिकेल दिवेकर आपल्या लोकांत सामाजी हसाजी दिवेकर होते. तीन धर्मांची माणसे या नावांचा वारसा सांगतात याचे आपल्याला संकोचण्याचे कारण नाही. पैगंबरांमध्ये आम्ही फरक करीत नाही, असे म्हणण्याचा आदेश आपल्यालाच आहे (सूरह बकरा : १३६). कुरआनात प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांचे नाव ४ वेळा आले आहे, इब्राहीम (अलै.) यांचे ६९ वेळा आणि मूसा (अलै.) यांचे १३६ वेळा. ज्या ग्रंथाचे आपण रोज पठण करतो, त्यातील नावे परक्याची कशी होतील?

याचा अर्थ नवे नाव ठेवूच नये असाही नाही. हजरत जकरिया (अलै.) यांना म्हातारपणी पुत्राची शुभवार्ता मिळाली, तेव्हा अल्लाहने त्याचे नावही सांगितले : यह्या. आणि हेही सांगितले की यापूर्वी या नावाचा कोणी आम्ही केलेला नाही (सूरह मरियम : ७). लूककृत शुभवर्तमानातही हा प्रसंग येतो. तेथे शेजारी आणि नातलग बाळाला वडिलांचेच नाव द्यायला निघतात आणि आई नको म्हणते, तेव्हा तुमच्या नात्यात या नावाचा कोणी नाही म्हणून हरकत घेतात. नातलगांची ही हरकत इंदापूरच्या कोणत्याही अकीक्यात ऐकू येईल अशीच आहे! एकाच घराण्यात हारूनसारखे प्राचीन नाव आणि यह्यासारखे अगदी नवे नाव सुखाने नांदले. जुने की नवे, हा प्रश्न आपण उगाच मोठा केला आहे.

एक तक्रार अशीही असते की या जुन्या नावांना ‘छान अर्थ’ नाही. मोबाईलवर शोधले की अयान, झैन यांचे अर्थ लगेच मिळतात. याकूबचा मिळाला तरी मनाला भिडत नाही. येथे लक्षात घ्यावे की मुहम्मद, सालिह, शुऐब, हूद अशी मोजकी सोडली, तर पैगंबरांची नावे मूळ अरबी नाहीत असे जुन्या व्याकरणकारांनी म्हटले आहे. त्यामुळे अरबी शब्दकोशात त्यांचा अर्थ शोधणे म्हणजे विहिरीचे पाणी कागदावर मोजणे. याकूब या नावाचा अर्थ म्हणजे रडून रडून दृष्टी गेली तरी अल्लाहच्या कृपेविषयी निराश होऊ नका असे मुलांना सांगणारा बाप. यूनुस म्हणजे माशाच्या पोटातील काळोखातून केलेली दुआ. हा अर्थ कोशात नसतो. तो आजीला सांगावा लागतो.

आता अय्यूबकडे वळू, कारण या नावाच्या बाबतीत केवळ आवडनिवड नाही, तर श्रद्धेचा प्रश्न आहे. मूल सारखे रडते, अंग धरत नाही, तापाने फणफणते. मग कोणी तरी म्हणते, ‘नाव भारी पडले.’ नाव बदलण्यासाठी कोणा आमिलाकडे धाव घेतली जाते, अक्षरांचे आकडे मांडले जातात, आणि दवाखान्यात जायचे दोन दिवस त्यात निघून जातात. या दोन दिवसांत तापलेल्या तान्ह्या मुलाचे काय होऊ शकते, हे कोणत्याही डॉक्टरला विचारा. पैगंबरांची नावे ‘भारी’ असतात, सामान्य मुलाला ती झेपत नाहीत, ही समजूत कुरआनातही नाही आणि हदीसमध्येही नाही. अपशकुन असे काही नसते, हे प्रेषितांनी (सल्ल.) स्पष्ट शब्दांत शिकविले, चांगला शब्द ऐकून मनाला बरे वाटावे, एवढेच त्यांना आवडे. त्यांचा तान्हा पुत्र इब्राहीम वारला त्या दिवशी सूर्याला ग्रहण लागले. लोक दोन्हींचा संबंध जोडू लागले. पुत्रशोकाच्या त्या घटकेलाही त्यांनी लोकांना थांबविले आणि सांगितले की सूर्य-चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या मृत्यूमुळे वा जन्मामुळे त्यांना ग्रहण लागत नाही. नावामुळे ते बाळ गेले, असे तर कोणी म्हटलेही नाही. आणि पुढच्या पिढ्यांनी इब्राहीम हे नाव ठेवणे सोडले नाही.

हजरत अय्यूब (अलै.) यांची कहाणीही आपण अर्धीच लक्षात ठेवतो. आजार आठवतो; पुढचे विसरतो. त्यांनी हाक मारली, अल्लाहने ऐकली, पायाखाली थंड पाण्याचा झरा दिला, घरची माणसे परत दिली आणि तेवढीच आणखी दिली. मग अल्लाहनेच त्यांना धैर्यवान आणि उत्तम दास म्हणून गौरविले (सूरह साद : ४१ ते ४४). ज्या नावावर अल्लाहची अशी मोहोर आहे, ते ऐकून आजारच आठवत असेल, तर दोष नावाचा नाही.

येथे जाणकार वाचक हरकत घेईल, आणि ती रास्त आहे. प्रेषितांनी (सल्ल.) काही नावे बदलली होती ना? होय. सईद बिन मुसय्यब यांच्या आजोबांचे नाव हज्न होते, म्हणजे खडबडीत जमीन. प्रेषितांनी त्यांना सहल, म्हणजे सपाट, सुलभ हे नाव सुचविले. वडिलांनी ठेवलेले नाव बदलणार नाही, असे ते म्हणाले. सईद सांगत की तो खडबडीतपणा पुढे आमच्या घराण्यात राहिला. हा प्रसंग बुखारीत आहे. परंतु बदलली गेली ती नावे कोणती, ते पाहा : ज्यांचा अर्थ कठोर, पापसूचक किंवा आत्मप्रौढीचा होता अशी. वाईट अर्थाने रोज हाक मारली तर स्वभावावर आणि ऐकणाऱ्यांच्या मनावर परिणाम होतो, ही साधी गोष्ट आहे. तिचा ग्रहमानाशी वा आकडेमोडीशी संबंध नाही. कोणा पैगंबराचे नाव अशुभ म्हणून बदलल्याचे एकही उदाहरण नाही.

दाऊद या नावाची व्यथा निराळी आहे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत वर्तमानपत्रांनी आणि चित्रपटांनी ते एका गुन्हेगाराच्या खात्यावर लिहून टाकले. एका माणसाच्या दुष्कृत्यांमुळे जबूर हा ग्रंथ ज्यांना मिळाला, त्या पैगंबरांचे नाव आपण घरातून बाहेर काढावे काय? हजरत दाऊद (अलै.) बादशहा होते, तरी स्वतःच्या हाताच्या कमाईवर जगत, असे हदीसमध्ये आहे. अल्लाहने त्यांच्यासाठी लोखंड मऊ केले आणि चिलखत घडविण्याची कला शिकविली (सूरह सबा : १० व ११). लोखंडाचे काम करणारे मुसलमान कारागीर त्यांना आपले उस्ताद मानीत आले. एक दिवस रोजा आणि एक दिवस खंड, हा सर्वोत्तम नफिल रोजा त्यांच्याच नावाने ओळखला जातो. शिकलगाराच्या भट्टीपुढे बसलेल्या म्हाताऱ्या दाऊदभाईंना यातील काही ना काही ठाऊक असे. त्यांच्या नातवाला फक्त बातमी ठाऊक आहे. सुलेमान या नावाचीही गत अशीच. ऐकले की जिन्न, तावीज आणि सुलेमानी खडे आठवतात, आणि कुरआनाने जादूटोण्याच्या आरोपातून त्यांना निर्दोष ठरविले (सूरह बकरा : १०२) हे आठवत नाही.

शाळेत पोरे चिडवतील ही भीती मात्र खोटी नाही. नोकरीच्या अर्जावर, भाड्याच्या खोलीच्या दारात नाव ऐकून चेहरा बदलतो, हे आपल्यातील अनेकांनी पाहिले आहे. धर्म चटकन कळू नये असे नाव काही पालक याच कारणाने शोधतात. त्यांना दूषण देणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. एवढेच सुचवावेसे वाटते की पुढे शेख वा पठाण लागणारच आहे. आणि यूसुफ (अलै.) यांच्याकडे पाहा. परक्या मुलखात विकले गेलेले मूल, नंतर कैदी, नंतर मिसरच्या भांडारांचे अधिकारी. बायबलच्या कथनानुसार फारोने त्यांना मिसरी नावही दिले. कुरआनातील प्रसंगात भाऊ समोर उभे राहून विचारतात, तूच का यूसुफ? आणि ते सांगतात, होय, मी यूसुफ आहे (सूरह यूसुफ : ९०). त्या एका नावाने तुटलेले घर जोडले.

नावे धर्माच्या सीमा कशा ओलांडतात, याचा दाखला इंदापूरकरांना दूर शोधायला नको. इंदापूरच्या लढाईत धारातीर्थी पडलेले मालोजीराजे भोसले यांचे स्मारक त्या गावात आहे. नगरच्या शाहशरीफ या सूफी पुरुषावर त्यांची श्रद्धा होती, आणि त्यावरूनच त्यांच्या दोन पुत्रांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली गेली, असे परंपरा सांगते. संतान देणारा केवळ अल्लाह आहे. तो इच्छील त्याला मुली देतो, इच्छील त्याला मुलगे (सूरह शूरा : ४९). म्हणून ‘पीरबख्श’, म्हणजे पिराने दिलेला, अशी नावे उलेमांनी योग्य मानलेली नाहीत. आपला तो मुद्दा वेगळा राखूनही ही घटना विचार करायला लावते. शहाजी हे नाव आज महाराष्ट्रात घरोघरी आहे आणि ते परक्याचे आहे असे कोणालाही वाटत नाही. त्या नावात नंतर जे कर्तृत्व भरले गेले, त्याने त्याची ओळख घडविली.

फॅशनचे तर बोलायलाच नको, कारण ती फिरून तेथेच येते. अमेरिकेत १९९९ पासून २०१२ पर्यंत मुलग्यांसाठी सर्वाधिक ठेवले गेलेले नाव जेकब होते. हेच आपले ‘जुनाट’ याकूब! त्यानंतर काही वर्षे नोआ पहिल्या स्थानी होते. ते म्हणजे नूह. इंग्लंड व वेल्समध्ये २०२३ साली मुहम्मद पहिले आणि नोआ दुसरे होते.

शेवटी थोडे व्यवहाराचे. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. नाव मात्र नंतरही, १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यापुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते. सातव्या दिवशी अकीका करून नाव ठेवण्याची सुन्नत पाळताना घाई होण्याचे कारण नाही. नगरपरिषदेत वा ग्रामपंचायतीत जाण्यापूर्वी नाव एका कागदावर उर्दू, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही लिप्यांत लिहून घ्या आणि ते मशिदीच्या इमामसाहेबांना दाखवा. देवनागरीत काही फरक दिसत नाहीत. ‘आसिया’ हेच पाहा. ऐन आणि साद या अक्षरांनी लिहिले तर त्याचा अर्थ अवज्ञा करणारी असा होतो, या नावाच्या मुलीला प्रेषितांनी (सल्ल.) जमीला हे नाव दिले होते. अलिफ आणि सीनने लिहिले तर ते फिरऔनच्या श्रद्धावान पत्नीचे, फार मानाचे नाव आहे. मराठी दाखल्यावर दोन्ही एकच दिसतात. म्हणून कोणी आसिया हे नाव ‘मना आहे’ असे सांगितले, तर आधी विचारा, कोणते? आणि दाखला हातात पडला की खिडकीपासून बाजूला होण्याआधी एकदा वाचा. यूसुफचे ‘इसुब’ झालेले तेव्हा लक्षात आले तर दुरुस्ती सोपी असते. दहावीच्या प्रमाणपत्रावर उतरल्यावर तीच राजपत्रापर्यंत जाते.